जर्मनीत नोकरी गेली तर आपला सीव्ही कोणाकोणाला दिसतो?

तुम्ही विचारलंय की ब्लू कार्डवर (शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा युरोपातला राहण्याचा परवाना) नाशिकहून स्टुटगार्टला येताय, पहिले सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे चाचणीचा काळ, आहे, आणि कोणीतरी सांगितलं की नोकरी गेली तर सरकार भत्ता देतं पण त्यासाठी सीव्ही त्यांच्या साइटवर टाकावा लागतो, मग तो जुना बॉस, एजंट, ऐरेगैरे सगळेच बघतात. यातलं निम्मं खरं आहे. मी इथे बरीच वर्षं आहे, या चक्रातून स्वतःही गेलोय आणि मित्रांचे फॉर्म भरून द्यायलाही बसलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी भत्त्याचं, कारण तिथेच गैरसमज आहे. त्याला इथे आर्बाइट्सलोझनगेल्ड आइन्स म्हणतात आणि तो मिळायला गेल्या ३० महिन्यांत निदान १२ महिने इथल्या बेकारी विम्याचे पैसे पगारातून कापलेले असावे लागतात. भारतातली नोकरीची वर्षं त्यात धरत नाहीत. म्हणजे प्रोबेत्साइटमध्येच काढलं (तेव्हा नोटीस फक्त दोन आठवड्यांची असते) तर भत्ता शून्य. वर्ष भरलं की सहा महिने मिळतो, दोन वर्षं भरली की वर्षभर, साधारण निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७. त्यामुळे येताना चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच या, या विम्याच्या भरवशावर पहिल्या वर्षी राहू नका.

आता सीव्ही. नोकरी जाणार हे कळलं की तीन दिवसांत आर्बाइट्सआम्टला कळवायचं असतं, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयाला, ऑफिशियल नाव आगेंटुअर फ्युअर आर्बाइट पण सगळे आर्बाइट्सआम्टच म्हणतात. काँट्रॅक्ट ठराविक मुदतीचं असेल तर मुदत संपायच्या तीन महिने आधी. उशीर केला तर एक आठवड्याचा भत्ता कापतात, त्याला श्पेरत्साइट म्हणतात, हा शब्द पाठच करून ठेवा. मग ऑनलाइन प्रोफाइल भरायचं, शिक्षण, आधीच्या नोकऱ्या, भाषा, गाडीचं लायसन्स सगळं. हे भरणं टाळता येत नाही, कारण तुमचा जो फेरमिटलर असतो, म्हणजे नोकरी शोधून द्यायला नेमलेला माणूस, त्याला तुमचं काम माहीत असल्याशिवाय तो काय शोधणार.

पण फेरमिटलरला जे सांगितलं ते सगळं जगाला दिसलं पाहिजे असं अजिबात नाही, आणि बहुतेक लोक इथेच घाबरतात. पोर्टलवर कंपन्यांना दिसणारं प्रोफाइल निनावी ठेवता येतं, नाव, फोन, पत्ता काही नाही. कायदाच असा आहे की ज्यावरून माणूस ओळखता येईल अशी माहिती तुमच्या संमतीशिवाय तिथे टाकता येत नाही. पहिल्याच मीटिंगमध्ये फेरमिटलरला सरळ विचारा, माझं प्रोफाइल आत्ता कुठल्या सेटिंगवर आहे, आणि घरी येऊन स्वतः लॉगिन करून बघा. तो चिडत नाही, जर्मन माणसाला डाटेनशुट्स, म्हणजे खासगी माहितीचं संरक्षण, म्हटलं की उलट आदर वाटतो.

तरी निनावी म्हणजे खरंच निनावी राहतं का, तर ते तुम्ही काय लिहिता त्यावर आहे. पुणे विद्यापीठ, मग हिंजवडीत अमुक कंपनी, मग श्वाबियातल्या (स्टुटगार्टभोवतीचा भाग) एका छोट्या गावातल्या पंप बनवणाऱ्या कारखान्यात एम्बेडेड डेव्हलपर, एवढं वाचलं की त्या कारखान्याच्या एचआरला नाव लागतच नाही, त्यांच्याकडे असा माणूस एकच आहे. कंपनीनेच काढलं असेल तर त्यांना माहीतच आहे, फरक पडत नाही. पण मुदतीचं काँट्रॅक्ट अजून चालू आहे, साहेब वाढवून देतो म्हणतोय, आणि नियमाप्रमाणे तुम्ही तीन महिने आधी नोंदणी केलीय, तेव्हा अवघडल्यासारखं होतं. अशा वेळी कंपनीच्या नावाऐवजी "मध्यम आकाराची मशीन बनवणारी कंपनी" आणि गावाऐवजी "बाडेन-व्युर्टेम्बर्ग" इतकंच दिसू द्यायचं. फेरमिटलरला मात्र खरं नाव द्यायचं, तिथे लपवाछपवी नको.

दुसरा प्रश्न, ते जबरदस्ती करू शकतात का. फेरमिटलर एखाद्या जागेचा प्रस्ताव पाठवतो आणि खाली परिणामांची सूचना छापलेली असते, त्या जागेला अर्ज न केल्यास पहिल्या वेळी तीन आठवडे भत्ता बंद, दुसऱ्या वेळी सहा, मग बारा. म्हणजे अर्ज करावाच लागतो. पण अर्जात काय काय घालायचं ते तुमच्या हातात आहे. फोटो, जन्मतारीख, लग्न झालंय का, मुलं किती, हे जर्मन लोक जुन्या सवयीने अजून लिहितात, पण २००६ च्या भेदभावविरोधी कायद्यानंतर कंपनीने असं मागायची गरज राहिलेली नाही. आणि आपले लोक तर त्याच्याही पुढे, मी इथे आलेले सीव्ही पाहिलेत ज्यात वडिलांचं नाव, पासपोर्ट नंबर, नाशिकचा कायमचा पत्ता सगळं, फक्त रास आणि गोत्र तेवढं लिहायचं राहिलेलं. पासपोर्ट नंबर, टॅक्स आयडी, सोशल इन्शुरन्स नंबर यातलं काही सीव्हीत नको. सोशल इन्शुरन्स नंबरात तर तुमची जन्मतारीखच दडलेली असते. तो काँट्रॅक्टवर सही झाल्यावर द्यायचा, त्याआधी कोणी मागितला तर का हवाय ते विचारा.

खरा धोका मला ऑफिसपेक्षा खोट्या जाहिरातींचा वाटतो. २०१९ मध्ये इथल्या बातम्यांत आलं होतं की सरकारी जॉब पोर्टलवरच कोणीतरी ढिगाने बनावट जागा टाकून अर्जदारांचे कागद गोळा केले. त्यामुळे सरकारी साइटवर आहे म्हणजे खरंच असेल असं धरू नका. सध्या जास्त चालतं ते व्हिडिओ-इडेंटचं, म्हणजे व्हिडिओ कॉलवर ओळख पटवून बँक खातं उघडतात त्याचं. घरून काम, पगार चांगला, इंटरव्ह्यू फक्त चॅटवर, आणि मग म्हणतात आमच्या बँक ॲपची टेस्ट करायचीय, पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरा. ती टेस्टबिस्ट काही नसते, तुमच्या नावाने खरं खातं उघडलं जातं आणि त्यातून चोरीचे पैसे फिरतात, नंतर पोलिसांचं पत्र तुमच्या घरी. ब्लू कार्डवर असताना असली भानगड कोणाला हवीय. असा प्रस्ताव फेरमिटलरकडूनच आला असेल तर गप्प बसून दुर्लक्ष करू नका, लगेच लेखी कळवा की ही जागा संशयास्पद वाटतेय, म्हणजे अर्ज का केला नाही याची नोंद राहते.

नकार आल्यावर डीएसजीव्हीओखाली (युरोपचा तो २०१८ पासूनचा डेटा कायदा) माझी माहिती काढून टाका असं दोन ओळीत लिहिता येतं. कंपन्या काही महिने ठेवतात, भेदभावाची तक्रार आलीच तर म्हणून, ते चालतं. पण "टॅलेंट पूल"मध्ये ठेवू का असं विचारलं तर हो म्हणायची सक्ती नाही.

आणि आपल्याच लोकांचं काय? इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये "रेफरल मिळेल का" म्हणून अख्खी पीडीएफ टाकतात, मोबाइल नंबर, घरचा पत्ता यांसकट, ती चार ग्रुपांत फिरते आणि पाचव्या दिवशी पुण्याहून मावशीचा फोन येतो. सरकारी पोर्टलची भीती आणि इथे एवढी उदारता! ग्रुपवर पत्ता-फोन काढलेली एक पानाची वेगळी प्रत टाका, आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमध्येही नाव वगैरे काही राहिलंय का बघा. लिंक्डइनवर फोटोभोवतीचं 'नोकरी शोधतोय' सांगणारं ते हिरवं वर्तुळ सगळ्यांना दिसतं, फक्त रिक्रूटर्सना दिसेल असाही पर्याय आहे, पण तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरला दिसणार नाही याची हमी ते स्वतःही देत नाहीत. अजून एक, भत्ता चालू असताना तिथे शोभेसाठी "फ्रीलान्स कन्सल्टंट" लिहू नका. आठवड्याला १५ तास किंवा जास्त काम असेल तर तुम्ही बेकारच धरले जात नाही, त्याखालचंही काम कळवावं लागतं आणि महिन्याला १६५ युरोच्या वरची कमाई भत्त्यातून वजा होते. काही काम नसताना लिहिलंत तर उगाच खुलासे देत बसाल.

राहिलं परदेशी नागरिक कार्यालय, आउसलेंडरबेह्योर्डं. नोकरी गेल्याचं दोन आठवड्यांत त्यांनाही स्वतः कळवायचं, आर्बाइट्सआम्टला सांगितलं म्हणजे झालं असं नाही. हा विम्याचा भत्ता घेतला म्हणून व्हिसाला बट्टा लागत नाही, तो तुमच्याच पगारातून कापलेला असतो. ब्युर्गरगेल्डचं, म्हणजे विम्यातून नव्हे तर करांच्या पैशातून गरजूंना मिळणाऱ्या मदतीचं, तसं नाही, त्याच्या वाटेला जाण्याआधी वकिलाला विचारा. तुमचं काँट्रॅक्ट मुदतीचं आहे की कायमचं ते कळवलंत तर नोंदणीच्या तारखा कशा धरायच्या ते सांगतो.