धावताना नाडी १६५, झोपेत ऑक्सिजन ९०

प्रश्न : सावकाश धावत असताना माझे स्मार्ट घड्याळ नाडीचे ठोके मिनिटाला १६५ दाखवते, थांबून बोटांनी मोजले तर ते १३०च्या आसपास भरतात. रात्री झोपेत रक्तातील ऑक्सिजन काही वेळा ९० टक्के नोंदला जातो, पण सकाळी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ९७ दाखवतो. घड्याळ बिघडले आहे का? सुई न टोचता रक्तातील साखर सांगणारे घड्याळ घ्यावे का?

उत्तर : घड्याळ बिघडले असण्याची शक्यता कमी आहे. त्याच्या पाठीवरचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश सोडतात. हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते, त्यामुळे प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांत रक्ताची लाट आली की परतणारा प्रकाश किंचित घटतो, आणि ही घट शेजारचा संवेदक टिपतो. या पद्धतीला फोटोप्लेथिस्मोग्राफी असे जडजंबाळ नाव आहे. अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अल्रिक हर्ट्झमन यांनी १९३७ मध्ये बोटांवरील अशा मोजमापाचे वर्णन केले होते. अडचण अशी की परतणाऱ्या प्रकाशातला ठोक्यांमुळे बदलणारा भाग फारच थोडा असतो. धावताना हात हलतो, घड्याळ त्वचेवर सरकते आणि मनगटातले रक्तही हिंदकळते. हे सारे पावलांच्या तालावर होत असल्याने घड्याळ कधीकधी पावलांचा तालच नाडी समजून बसते. हालचालीचा हिस्सा वजा करण्यासाठी घड्याळात त्वरणमापक, म्हणजे हालचाल टिपणारा संवेदक, असतो खरा, पण दरवेळी त्याची मात्रा चालत नाही. पुढच्या वेळी धावताना मिनिटभर पावले मोजून पाहा. ती १६५च्या जवळपास भरली, तर चोर सापडला असे समजावे. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि थोडा घट्ट बांधावा; हात गार पडलेले असतील तर त्वचेतला रक्तप्रवाह कमी होतो, म्हणून आधी अंग तापू द्यावे. एवढे करूनही फरक राहिला, तर छातीला बांधायचा पट्टा घ्यावा, कारण तो प्रकाशावर विसंबून न राहता हृदयाचे विद्युत संकेत टिपतो.

ऑक्सिजनची गोष्ट वेगळी आहे. ऑक्सिजन घेतलेले आणि न घेतलेले हिमोग्लोबिन लाल आणि अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात; त्या दोन्हींच्या स्पंदनांच्या गुणोत्तरावरून टक्केवारी काढण्याची युक्ती जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शोधली. बोटावरच्या यंत्रात प्रकाश आरपार जातो, तर मनगटात हाडे आड येत असल्याने घड्याळाला परतलेल्या प्रकाशावरच भागवावे लागते आणि संकेत क्षीण मिळतो. हातावर डोके ठेवून झोपल्यानेही आकडा घसरतो. गडद त्वचेच्या व्यक्तींमध्ये बोटावरचे यंत्रसुद्धा ऑक्सिजन प्रत्यक्षाहून जास्त दाखवू शकते, हे अमेरिकेतील रुग्णांच्या २०२०च्या अभ्यासातून ठळकपणे समोर आले.

मात्र रात्रीचा आकडा सकाळच्या आकड्याने खोडून काढू नका. झोपेत श्वास वारंवार अडणाऱ्या व्यक्तीचा ऑक्सिजन रात्री खाली जातो आणि जाग आल्यावर पूर्ववत होतो. म्हणजे तुमची दोन्ही उपकरणे आपापल्या वेळेपुरती खरी असू शकतात. एखाद्या रात्रीची घसरण सोडून द्यावी, पण ती अनेक रात्री दिसत असेल आणि सोबत मोठे घोरणे किंवा दिवसा झापड येणे असेल, तर डॉक्टरांना दाखवून झोपेची तपासणी करून घ्यावी. घड्याळाच्या नोंदीवरून निदान होत नाही, तरी ती डॉक्टरांपुढे जरूर ठेवावी.

साखरेचे घड्याळ घेऊ नये. त्वचेला न छेदता स्वतःच साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला आपण मंजुरी दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. चुकीच्या आकड्यावरून इन्सुलिनची मात्रा ठरवली, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो. दंडावर चिकटवायचे संवेदक मात्र वेगळे आहेत. त्यांचा केसासारखा तंतू त्वचेखाली राहून पेशींभोवतालच्या द्रवातली साखर सतत मोजतो, आणि तिथला बदल रक्तातल्या बदलाच्या काही मिनिटे मागे असतो. अशा संवेदकाचा आकडा घड्याळावर उमटत असेल, तर त्यात घड्याळाचे काम केवळ पडद्याचे असते.