वाचकांचे प्रश्न: ओढ्यावरचा धोबी

प्रश्न: भाद्रपदात ओढ्याकाठी शेपटी हलवणारे पिवळसर पक्षी दिसू लागतात. ते कोणते? सोबत फुलं कोणती पाहावीत?

उत्तर: वाहत्या पाण्यातल्या दगडांवर असेल, तर बहुधा करडा धोबी. हिवाळी पाहुण्यांत तो फार लवकर, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात पोचतो. गोंधळ होतो तो पिवळ्या धोब्याशी, कारण पोट दोघांचंही पिवळं. म्हणून पाठ आणि पाय पाहा. करड्याची पाठ राखाडी, पाय फिकट गुलाबीसर, शेपटी खूप लांब. पिवळ्याची पाठ हिरवट-तपकिरी, पाय काळे. तो ओल्या गवतात, गुरांच्या पायांशी किडे टिपतो. काळं डोकं आणि ठळक पांढरी भुवई असलेला मोठा धोबी बारमाही इथलाच, त्याला पाहुण्यांत धरू नका.

फुलांत आधी गुलाबी तेरडा, मग पाऊस ओसरताना पिवळी सोनकी. कासच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, जांभ्या दगडावर माती जेमतेम असते. तुडवलेलं रोप बी धरण्याआधीच जातं, म्हणून पायवाट अजिबात सोडू नका. वहीत तारीख, जागा आणि पाणी वाहतं की साचलेलं, एवढं जरूर लिहा.