स्पेनच्या रिअल माद्रिद या फुटबॉल क्लबची सर्वात वाईट खरेदी म्हणजे इंग्लंडचा बचावपटू जोनाथन वुडगेट, हे कितपत खरं आहे?

व्यवहार फसला, हे खरंच. पण तेवढ्यावरून खेळाडूच टाकाऊ होता म्हणणं मला पटत नाही.

ऑगस्ट २००४ मध्ये रिअलने त्याच्यासाठी न्यूकॅसल या इंग्लिश क्लबला १.३४ कोटी पौंड मोजले, तेव्हा त्याची मांडी आधीच दुखावलेली होती. एप्रिलपासून तो खेळलेलाच नव्हता. दुखापत सगळ्यांना दिसत होती, तरी घेतलं. मग दोष कुणाचा?

पहिला सामना खेळायला २२ सप्टेंबर २००५ उजाडला. समोर अ‍ॅथलेटिक बिल्बाओ. पूर्वार्धात एक फटका डोक्याने अडवायला झेपावला, तर चेंडू स्वतःच्याच जाळ्यात. उत्तरार्धात दुसरं पिवळं कार्ड आणि थेट बाहेर. यूट्यूबवर लोक एवढंच बघून हसतात. पण रिअलने तो सामना ३-१ जिंकला आणि बाहेर निघालेल्या वुडगेटसाठी रिअलच्या बर्नाबेऊ मैदानात टाळ्या वाजल्या, हे कुणी सांगत नाही. पुढच्याच महिन्यात चॅम्पियन्स लीगमध्ये रोझेनबोर्गविरुद्ध त्याने हेडरने गोल केला. एकूण सामने मात्र जेमतेम १४. २००७ मध्ये 'मार्का' या स्पॅनिश क्रीडा दैनिकाच्या वाचकांनी त्याला एकविसाव्या शतकातली सर्वात वाईट खरेदी ठरवून टाकलं (शतक नुकतं कुठे सुरू झालं होतं, ते सोडा!).

पुढे तो इंग्लंडमध्ये परतला. फेब्रुवारी २००८ मध्ये, तिथल्या लीग कपच्या अंतिम सामन्यात, चेल्सीविरुद्ध जादा वेळेत टॉटनहॅमचा विजयी गोल त्याचाच. हेडर चेल्सीचा गोलरक्षक पीटर चेकने ठोशाने परतवला आणि चेंडू पुन्हा वुडगेटलाच लागून आत गेला. देखणा अजिबात नव्हता, पण त्यानंतरचा करंडक बघायला टॉटनहॅमच्या चाहत्यांना २०२५ पर्यंत थांबावं लागलं. इंग्लंडकडून मात्र फक्त ८ सामने. तिथे दुखापतींनी खरंच घात केला.

२०१६ मध्ये निवृत्ती. पुढे जून २०१९ मध्ये आपल्या गावच्या मिडल्सब्रोचा मुख्य प्रशिक्षक झाला, पण वर्षभराने हकालपट्टी. संघ तेव्हा केवळ गोलफरकामुळे पदावनतीच्या रेषेच्या वर होता. ते अपयश मी झाकणार नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये बोर्नमथची सूत्रं हाती आली आणि त्याने संघाला प्रीमियर लीगमधल्या बढतीसाठीच्या प्लेऑफपर्यंत नेलं. उपांत्य फेरीत ब्रेंटफर्डने हरवलं. बोर्नमथच्या त्या संघात इंग्लंडचा मिडफिल्डर जॅक विल्शर होता. तोही दुखापतींनी पोखरलेला, आणि तोही पुढे प्रशिक्षकच झाला.

२०२२ मध्ये वुडगेट पुन्हा मिडल्सब्रोत गेला, यावेळी मुख्य प्रशिक्षक मायकल कॅरिकच्या हाताखाली. तळाशी चाचपडणारा तो संघ त्या हंगामात दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये चौथा आला. मला विचाराल तर साहाय्यक म्हणूनच तो जास्त शोभतो.