वहीतलं काय छापायला द्यायचं

परळ, मुंबई

प्रिय मित्रा,

तुझी वही वाचून झाली. माझ्या मते यातले दोनच लेख छापायला द्यावेत. बाकीचे वाईट नाहीत, पण ते तू स्वतःसाठी लिहिलेत. त्यांना वहीतच राहू दे.

पहिली चाळणी अशी लाव: जो तुला ओळखत नाही, ज्याला तुझं काही देणंघेणं नाही, त्याच्या हाती या पानातून काय लागतं? लोकलच्या गर्दीवरच्या लेखातून काहीच नाही. घाम, धक्काबुक्की, ‘तरीही मुंबई थांबत नाही’, हे डोंबिवलीहून येणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. उलट आजीच्या खानावळीचा लेख बघ. संपाच्या महिन्यांत कामगार जेवत राहिले, उधारीच्या वहीत नावांपुढचे आकडे चढत गेले आणि मग एकेका नावापुढे नुसतं ‘गावी गेला’. गिरणी संपावर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण ही वही फक्त तुझ्या घरात आहे. हा लेख द्यायचाच. मात्र पहिले दोन परिच्छेद काढून टाक, लेख उधारीच्या वहीपासून सुरू होतो. पहिल्या खर्ड्यात बहुतेकांचं हे होतं, विषयापर्यंत पोचण्याची वाटचालही कागदावर उतरते. आणि साल दुरुस्त कर. संप १९८१ मध्ये नाही, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. आठवणींच्या लेखात साल चुकलं की जाणता वाचक बाकीच्या तपशिलांवरही शंका घेतो, आणि तुझे तपशील खरे आहेत.

दुसरा द्यायचा लेख इस्पितळाबाहेरच्या रात्रींचा. चटई कुठे टाकायची, गरम पाणी कुठे मिळतं, पहाटे नंबर कसा लावायचा, हे त्यात नेमकं आलंय. शेवटचा ‘माणुसकी’वाला परिच्छेद नको.

वडिलांवरचा लेख मात्र थांबव. त्यात फिर्यादी तू आणि न्यायाधीशही तूच. चार पानांत वडील एकदाही बोलत नाहीत. त्यांच्या बाजूने खरं वाटेल असं एक तरी वाक्य त्यांच्या तोंडी लिहिता येईपर्यंत तो देऊ नकोस. एरवीही कुठलाही लेख लिहून झाला की निदान दीड महिना बाजूला ठेव. भांडण किंवा मृत्यू असेल तर त्याहून बराच जास्त. मग मोठ्याने वाच आणि ‘वाटलं’, ‘जाणवलं’, ‘गलबलून आलं’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मार. पानभर रेघा झाल्या आणि डोळ्यांना दिसेल अशी एकही वस्तू नसली, तर तो लेख अजून पिकलेला नाही.

आता दुसऱ्यांच्या गोष्टींबद्दल, कारण खरी इजा इथेच होते. शेजारच्या काकूंचं नाव तू बदललंस, पण तिसरा मजला, शिवणयंत्र आणि दुबईतला मुलगा तसाच ठेवलास. चाळीत कोणीही ओळखेल. त्यांचं कर्ज ही त्यांची गोष्ट आहे. छापायचीच असेल तर त्यांच्यावरचा मजकूर छापण्याआधी त्यांना दाखव. नको म्हणाल्या तर विषय संपला. उधारीच्या वहीतली नावंही बदल, त्या कामगारांची मुलं-नातवंडं आहेत. ‘खरंच तर लिहिलंय’ एवढ्याने भागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची शिक्षा होऊ शकते, आणि खरेपणाचा बचाव घ्यायचा तर ते छापणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. मैत्रिणीचे व्हॉट्सॲप मेसेज तू जसेच्या तसे उतरवलेस, तेही काढ. पत्र तुझ्या हातात असलं तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो. तिची परवानगी घे, नाहीतर ती काय म्हणाली ते तुझ्या शब्दांत सांग, आणि तेही तिला चालणार असेल तरच.

दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच होते, म्हणून खानावळीचा लेख जूनअखेर पाठव. एका वेळी एकाच संपादकाकडे दे, स्वतःकडे प्रत ठेव. पाठवण्याआधी तो आजीला वाचून दाखव. कुठलं नाव गाळायचं, हे तिला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळेल.

तुझा,
काका