चार-पाच वर्षांच्या मुलांना मोठा आणि हळू आवाज यांतला फरक कसा शिकवावा?

चित्रं दाखवून नको, वाजवून शिकवा. स्टीलच्या वाडग्यावर कापलेला फुगा ताणून बसवा, रबरबँड लावा आणि वर चिमूटभर रवा पसरा. अगदी शेजारी ताट हळूच वाजवलं तर रवा जेमतेम थरथरतो, जोरात वाजवलं की टणाटण उडतो. जोर जास्त तितका कंप मोठा, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. मीठही चालेल.

बारीक, म्हणजे उंच पट्टीतला आवाज हळूच असतो, असा घोळ मुलं हमखास करतात. शिट्टीचा आवाज बारीक असतो, पण केवढा मोठा! तीही वाजवून दाखवा, फक्त कानाजवळ नको. नेहमीचं बोलणं साधारण 60 डेसिबल (आवाज किती मोठा ते मोजायचं एकक); 85च्या वर फार वेळ राहिलं तर कानांना इजा होते, म्हणून मिरवणुकीत ढोल-ताशापासून मुलांना लांबच ठेवा.