'ब्रेक'ला तुर्कीत काय म्हणावं? आधी मराठीत विचारा

प्रश्न नागपूरहून आला आहे. मालिका बघत तुर्की शिकणाऱ्या एका वाचकाने विचारलंय : शब्दकोशात इंग्रजी 'ब्रेक'ला 'किर्माक' दिलंय, पण उपवास, दोरी, गाडी, कायदा यांतल्या एकालाही ते चालत नाही. मग वापरायचं कुठे?

उच्चारांबद्दल आधी थोडं. 'किर्माक'मधला 'कि' पूर्ण इकार नाही, इ आणि अ यांच्या मधला स्वर आहे. पुढे येणारा 'झ' झाडातला, 'च' चहातला. क्रियापदाच्या शेवटचं 'माक' किंवा 'मेक' म्हणजे आपलं 'णे'.

इंग्रजीत काच, दोरी, हाड, नोट सगळं एकाच क्रियापदाने ब्रेक होतं. मराठीत तसं होत नाही. हाड मोडतं, दोरी तुटते, काच फुटते. तुर्कीचंही असंच आहे, म्हणून मधला इंग्रजी थांबा गाळून थेट मराठीतून तुर्कीत गेलं तर बहुतेक वेळा बरोबर क्रियापद हाती लागतं.

जे ताणलं जाऊन तुटतं त्याला 'कोपमाक'. संक्रांतीला मांजा तुटला, शर्टाचं बटण तुटलं, दोन्हींना 'कोप्तु'. मुद्दाम तोडलं तर 'कोपारमाक', म्हणजे आपल्या तुटणे-तोडणे या जोडीसारखीच जोडी. वादळ सुटतं तेव्हाही तुर्कीत ते 'तुटतं' : 'फिर्तिना कोप्तु'. फार मोठा गोंधळ उडाला तर 'कियामेत कोप्तु', आणि हा कियामेत म्हणजे आपल्या ओळखीची कयामतच.

फुटण्याचे मात्र दोन भाग करावे लागतात. काच, अंडं, अक्रोड अशा कडक वस्तू फोडायला 'किर्माक'. आतल्या दाबाने फुटणाऱ्या वस्तूंना, म्हणजे टायर, पाइप, फुगा यांना 'पातलामाक'. टायर फुटलं : 'लास्तिक पातलादी'. इथे 'किर्माक'वरून 'किरिल्दी' म्हटलं तर ऐकणाऱ्याला टायरचे तुकडे झाल्यासारखं वाटेल. आणि आपल्याकडे पोळा फुटतो, म्हणजे तोरण तुटून बैलजोड्या आपापल्या घरी पांगतात, तो अर्थ 'दाइल्माक'मध्ये आहे : विखुरणे, पांगणे. सभा संपून लोक पांगले तरी हेच क्रियापद.

खरी गंमत मोडण्यात आहे. हाड, फांदी, पेन्सिल मोडते तिथे 'किर्माक'. पण एखाद्या गोष्टीची घडी, व्यवस्था किंवा चालू काम मोडतं तिथे 'बोझमाक'. गाडी बंद पडली तर 'बोझुल्दु'. ठरलेली सोयरीक मोडणं, रंगलेला डाव मोडणं, शांतता भंग करणं, सगळीकडे 'बोझमाक'. नोट मोडणंसुद्धा. सुट्ट्या पैशांना तुर्कीत 'बोझुक पारा' म्हणतात, शब्दशः मोडलेले पैसे. नागपूरच्या बर्डी बाजारात आपण चिल्लर मागतो, पण 'पाचशेची मोड आहे का?' हा मराठी प्रश्न तुर्की माणसाला लगेच कळावा असा आहे.

आता उपवास. मराठीत चतुर्थीचा उपवास चंद्रोदयानंतर 'सोडतात', आणि चुकून तोंडात काही गेलं तर तो 'मोडतो'. इंग्रजी दोन्हींना ब्रेकच म्हणते. तुर्कीत आपला भेद तसाच्या तसा आहे. रोजाला 'ओरुच' म्हणतात. इफ्तारला तो रीतसर सोडणं म्हणजे 'आचमाक', मूळ अर्थ उघडणे : 'ओरुजुमु आच्तिम'. वेळेआधी मोडला तर 'ओरुजुमु बोझ्दुम'. पुढे स्वर आला की ओरुचमधल्या 'च'चा 'ज' होतो, ते विसरू नका. ही दोन क्रियापदं अदलाबदल झाली तर समोरचा माणूस मुबारक म्हणण्याऐवजी काय बिघडलं ते विचारेल. 'किर्माक' तर इथे लागतच नाही.

लाक्षणिक अर्थांत 'किर्माक'चा मोठा संसार मनाशी आहे. नागपुरी बोलण्यात हिंदीच्या शेजारामुळे 'दिल तोडला' सहज येतं, आणि त्या 'तोडण्या'वरून 'कोपारमाक' घेतलं तर काळीज उपटून काढल्याचा अर्थ होतो. मराठी 'मन मोडणे' धरा, म्हणजे 'काल्बिनी किर्माक' बरोबर सुचेल. त्याहून सुंदर वापर नकाराचा आहे. 'बेनी किर्मादी' हे शब्दशः 'त्याने मला मोडलं नाही', अर्थ मात्र 'त्याने माझा शब्द मोडला नाही, माझ्या विनंतीला मान दिला'. 'हातिरिनी किरामादिम' म्हणजे 'त्याचं मन मला मोडवलं नाही'. यातला 'हातिर' आणि 'तुझ्याखातर'मधला 'खातर' मुळात एकच अरबी शब्द. तसंच 'हेवेसिम किरिल्दी' म्हणजे माझा हिरमोड झाला. 'हेवेस' ही आपली हौस, तीही अरबीतूनच आलेली.

विक्रम मोडण्यालाही 'किर्माक'च : 'रेकोर किर्माक'. नियम किंवा कायदा मोडायला मात्र 'चीनेमेक', ज्याचे मूळ अर्थ दोन : चावणे आणि तुडवणे. 'पायदळी तुडवणे' आठवलं की झालं. दिलेला शब्द न पाळणं म्हणजे शब्दावरून 'फिरणं', आपल्यासारखंच : 'सोझुंदेन दोनमेक'. (यातले दोन्ही ओकार ओठ गोल ठेवून ए म्हटल्यासारखे, देवनागरीत नीट उतरत नाहीत.) कामातून ब्रेक घेणं म्हणजे 'आरा वेरमेक', 'आरा' म्हणजे मधली जागा. तिथे मोडतोड काहीच नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा, कारण मालिकांत ती फार ऐकू येते. 'किर्माक' दिसलं की प्रत्येक वेळी 'ब्रेक' समजू नये. 'ओकुलु किर्माक' म्हणजे शाळेला दांडी मारणे. ड्रायव्हरला 'सोला किर' म्हटलं तर 'झटकन डावीकडे वळव'. आणि 'फियात किर्माक' म्हणजे भाव पाडणे : शेजारच्या दुकानदाराने गिऱ्हाईक ओढायला दर खाली आणला, तर नागपूरच्या इतवारी बाजारातला व्यापारी जे म्हणेल तेच.