गेममध्ये वय पडताळणीसाठी चेहरा स्कॅन करायला सांगतात. करू द्यावा का?

चॅटशिवाय खेळता येत असेल तर माझं उत्तर: देऊ नका. रोब्लॉक्ससारख्या ऑनलाइन गेमच्या ठिकाणी ही तपासणी मुख्यतः चॅटसाठी लागते.

आधी एक फरक लक्षात घ्या. वयाचा अंदाज घेणारी यंत्रणा चेहरा बघून फक्त 'साधारण एवढं वय' सांगते, तुम्ही कोण आहात हे तिला ठरवायचं नसतं. चीनमध्ये टेन्सेंट या गेम कंपनीने २०२१ मध्ये रात्री खेळणाऱ्या मुलांना पकडायला आणलेली पद्धत वेगळी होती, तिथे चेहरा थेट नोंदवलेल्या ओळखीशी जुळवला जायचा. पहिला प्रकार त्या मानाने सौम्य.

पण खरी भीती पुढच्या पायरीची आहे. अंदाज चुकला की ओळखपत्राचा फोटो मागतात, आणि तो बहुतेकदा तिसऱ्याच कंपनीकडे जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपने सांगितलं, की ग्राहकसेवा सांभाळणाऱ्या बाहेरच्या कंत्राटदाराकडून सुमारे ७०,००० जणांच्या ओळखपत्रांचे फोटो फुटले असावेत. या लोकांनी वयाच्या निर्णयावर दाद मागितली होती, एवढंच! पासवर्ड बदलता येतो, चेहरा कसा बदलणार?

'तपासणीनंतर फोटो काढून टाकतो' असं कंपन्या म्हणतात. ते बाहेरून पडताळता येत नाही. मुलांची सुरक्षितता मलाही महत्त्वाची वाटते, पण त्यासाठी लहान मुलांचेच चेहरे गोळा करणं मला पटत नाही.

स्कॅन करावाच लागला तर प्रक्रिया फोनवरच होते की सर्व्हरवर, आणि डेटा किती दिवस ठेवतात, हे धोरणात आधी वाचा. मूल लहान असेल तर पालकांच्या खात्यातून वय नोंदवायची सोय आहे का तेही बघा.